हायड्रॅलाझिन की हायड्रॉक्सिझिन: गंगापूर रोडवरील एका उच्चारवर्गाविषयी

नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, दर रविवारी सकाळी लांबलचक तांत्रिक शब्द नीट तोडून उच्चारायला शिकवणारा एक वर्ग भरतो. त्याविषयी हे लिहीत आहे. वर्गाला पाटी नाही, जाहिरात नाही, आणि तो चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिकांना स्वतःचे नाव कोठे छापून आलेले आवडत नाही, म्हणून ते येथे देत नाही. औषधविक्रेते, नर्सिंग आणि फार्मसीचे विद्यार्थी, लॅबमध्ये काम करणारी मुले यांच्या तोंडी ओळखीवर वर्ग चालतो. नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे आणि वैद्यक, आयुर्वेद, नर्सिंग शिकणाऱ्यांची येथे वाण नाही. तरीही हे शब्द तोंडात कसे बसवायचे, हे सांगणारे कोणी मला आजवर भेटले नव्हते. सहा रविवार, प्रत्येक वेळी दोन तास आणि शुल्क १,५०० रुपये, असा एकूण हिशेब आहे.

माझे औषधांचे दुकान आहे. या धंद्यात ज्याला आम्ही ‘सॉल्ट’ म्हणतो, ते औषधाचे मूळ नाव पूर्वी फारसे उच्चारावे लागत नसे. गिऱ्हाईक ब्रँडचे नाव सांगे, गोळे कॉलनीतल्या स्टॉकिस्टला, म्हणजे ठोक विक्रेत्याला, फोन केला की तोही ब्रँडच विचारी, आणि सॉल्टचे नाव पाकिटाच्या मागे बारीक टाइपात पडून राही. डॉक्टरांनी औषधे जेनेरिक, म्हणजे या मूळ नावाने, स्वच्छ आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, अशी दुरुस्ती वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ मध्ये झाली. पाठोपाठ जेनेरिक औषधे विकणारी जनऔषधी केंद्रेही वाढली. आता सॉल्टचे पूर्ण नाव फोनवर बोलावे लागते, ऐकावे लागते, आणि ऐकणाऱ्याने ते भलतेच ऐकले तर त्याचा परिणाम पेशंटला भोगावा लागतो.

हायड्रॅलाझिन रक्तदाबावर देतात, हायड्रॉक्सिझिन ॲलर्जी आणि खाजेवर. क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचे औषध आहे, तर क्लोरप्रोपामाइड हे मधुमेहावरचे जुने औषध. ऐकण्यात आणि वाचण्यात एकमेकांशी गल्लत होणाऱ्या औषधनावांच्या ज्या याद्या जगभर रुग्णालयांत लावतात, त्यांत या जोड्या असतात. पहिल्या जोडीकडे नीट पाहिले तर दुखणे कोठे आहे ते लगेच कळते. हाय-ड्रॅल्-अ-झीन आणि हाय-ड्रॉक्-सि-झीन: आरंभीचा ‘हाय’ सारखा, शेवटचा ‘झीन’ सारखा, आणि औषधाची सगळी ओळख मधल्या दोन तुकड्यांत, त्यातही प्रामुख्याने दुसऱ्या तुकड्यात. इंग्रजी उच्चारात नेमका त्याच तुकड्यावर जोर असतो. आपण मराठी माणसे मात्र सर्व तुकडे सारख्याच वजनाने म्हणतो, घाईत मधले गिळतो, आणि ज्यावरून औषध ओळखायचे तेच पलीकडच्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. हा वर्ग घेण्याजोगा का आहे, याचे माझ्या मते हे एक कारण पुरेसे आहे.

शिकवण्याची सुरुवात इंग्रजीपासून होत नाही, हे मला विशेष आवडले. पहिल्या रविवारी फळ्यावर ‘नाशिककर’ हा शब्द लिहिला गेला. लिहिताना अक्षरे पाच. बोलताना मात्र ना-शिक्-कर असे तीनच तुकडे होतात, कारण मधल्या ‘क’ मधला आणि शेवटच्या ‘र’ मधला ‘अ’ आपण उच्चारतच नाही. ‘सरकार’ मध्ये अक्षरे चार आणि तुकडे दोन. म्हणजे लिहिलेली अक्षरे मोजून उच्चाराचे तुकडे मिळत नाहीत, हे नियम सांगण्याआधीच वर्गातल्या प्रत्येकाला स्वतःच्या जिभेवरून पटते. जाणकार या तुकड्यालाच ‘अक्षर’ म्हणतात. परंतु रोजच्या बोलण्यात अक्षर म्हणजे लिहिलेली खूण असल्यामुळे वर्गात सरळ ‘तुकडा’ हाच शब्द वापरला जातो, आणि ते योग्यच आहे.

यानंतरचा रफाराचा भाग मला संपूर्ण वर्गातला सर्वांत मोलाचा वाटला. ‘फार्मसी’ लिहिताना रफार ‘म’ च्या डोक्यावर बसतो, त्यामुळे डोळ्यांनी तोडणारा माणूस फा-र्म-सी असे तोडतो आणि मध्ये अडखळतो. कानांनी तोडले तर तो ‘र्’ मागच्या ‘फा’ चा आहे: फार्-म-सी. देवनागरीची लेखनपद्धतीच अशी आहे, की जोडाक्षरातला पहिला व्यंजनवर्ण डोळ्यांना पुढच्या अक्षरात दिसतो, तर बोलताना तो बहुतेक वेळा मागच्या तुकड्याला चिकटतो. वृत्तांत जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू धरतात ते याचमुळे, आणि त्याला अपवाद असलेले ‘तुझ्या’, ‘तिच्या’ यांसारखे शब्द शाळेत शिकवतात तेही याचमुळे. कारण तेथे मागच्या अक्षरावर आघात येत नाही. बाईंनी याच ओघात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द एकाखाली एक लिहिले. समुद्र असलेला दर्या दर्-या असा तुटतो, डोंगरांतल्या दऱ्या द-ऱ्या अशा. मराठीत केवळ तुकडा कोठे तुटतो यावर अर्थ बदलतो आणि त्यासाठी आपल्याकडे दोन वेगळ्या खुणासुद्धा आहेत, हे वर्गातल्या फार्मसीच्या मुलांनी बहुधा पहिल्यांदाच लक्ष देऊन पाहिले. एवढा पाया झाल्यावर ‘सर्जरी’, ‘थर्ड डिग्री बर्न’, ‘डर्मॅटॉलॉजी’ यांतले सगळे रफार आपोआप मागे सरकतात.

मग लांब शब्द येतात. कृती सांगायला सोपी आहे. आधी ऐकू येणारे स्वर मोजायचे. जितके स्वर तितके तुकडे. दोन स्वर एकाच दमात निघत असतील, जसे ‘आय’ किंवा ‘आउ’, तर तो एकच तुकडा. मग मोकळी व्यंजने दोन्ही बाजूंना वाटून द्यायची. हायड्रोक्लोरोथायाझाइड या रक्तदाबाच्या गोळीचे नाव देवनागरीत लिहिले तर दहा अक्षरे भरतात. तुकडे मात्र सात: हाय-ड्रो-क्लो-रो-थाय-अ-झाइड. जोर पाचव्या तुकड्यावर, म्हणजे ‘थाय’ वर. दुकानात आम्ही सर्रास ‘एचसीटी’ म्हणून सुटका करून घेतो, पण तीन आद्याक्षरांवर औषध देणे धोक्याचे असते, हे या व्यवसायात वेगळे सांगायला नको.

म्हणण्याचा सराव मात्र शेवटाकडून होतो, आणि ही युक्ती खरोखर काम करते. आधी नुसते ‘झाइड’. मग ‘अ-झाइड’. मग ‘थाय-अ-झाइड’, आणि येथेच जोर पक्का करायचा. त्यानंतर ‘रो-थाय-अ-झाइड’, असे मागे मागे जात ‘हाय’ पर्यंत. पुढून सुरुवात केली तर माणूस ओळखीच्या भागावर ठसक्याने बोलतो आणि अनोळखी शेवटाकडे जाताना त्याचा आवाज बसत जातो. मागून सुरुवात केल्यावर प्रत्येक वेळी तो नवीन भागाकडून सरावलेल्या भागाकडे येतो, म्हणून शेवट ढासळत नाही. माझ्या शेजारी बसलेला, लॅबमध्ये रक्त तपासणीचे नमुने घेणारा एक तरुण ‘इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी’ वर दोनदा हसून थांबला होता. ‘ग्र-फी’, ‘लॉग्-र-फी’, ‘फ-लॉग्-र-फी’ अशा पायऱ्यांनी तो काही मिनिटांत पूर्ण शब्दापर्यंत पोहोचला, आणि बाई म्हणाल्या, “आता पुन्हा म्हण, पण घाई नको रे, गाडी सुटत नाहीये तुझी.”

जोराचे नियम शब्दाच्या शेपटीवरून ठरतात. ‘लॉजी’, ‘ग्रफी’, ‘स्कपी’, ‘एक्टमी’ अशा शेपट्या असतील तर जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर. ‘आयटिस’ आणि ‘ओसिस’ असतील तर शेवटून दुसऱ्यावर. ‘इक’ असेल तर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर. फोटोग्राफ, फटॉग्रफी आणि फोटग्रॅफिक हे एकाच घरातले तीन शब्द बाईंनी एका ओळीत म्हणून दाखवले, तेव्हा जोर कसा सरकतो आणि जोर गेला की तेथला स्वर कसा पुसट होतो, हे स्पष्टीकरणाशिवाय समजले. औषधांच्या नावांतही अशा शेपट्या आहेत आणि त्या योगायोगाने आलेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या आंतरराष्ट्रीय नावांची पहिली यादी १९५३ मध्ये काढली आणि पुढे एका गटातल्या औषधांना समान शेपटी देण्याची पद्धत रुळली. त्यामुळे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही आम्लपित्तावरची भावंडे एकाच चालीने म्हणता येतात, जोर शेवटून तिसऱ्यावर. तर अझिथ्रोमायसिन आणि त्याची ‘मायसिन’ मंडळी शेवटून दुसऱ्यावर जोर घेतात. दुकानदाराला हे एकदा उमगले की निम्मे रॅक पाठ झाल्यासारखे वाटते.

यापुढचा मुद्दा वर्गाच्या पुस्तिकेत केवळ दोन ओळींत आहे, तो विस्ताराने शिकवायला हवा होता. शब्दाचे मूळ घटक जेथे जोडले जातात तेथेच उच्चाराचा तुकडा पडतो, अशी बहुतेकांची समजूत असते. ती अनेकदा फसते. ‘हेलिकॉप्टर’ हा शब्द मुळात हेलिको आणि प्टर, म्हणजे मळसूत्र आणि पंख, या दोन ग्रीक घटकांचा आहे. उच्चारात मात्र तो हे-लि-कॉप्-टर असा तुटतो आणि ‘प्’ मागे जातो. कान-नाक-घशाच्या शास्त्राचे लांब नाव घ्या: ओ-टो-राय-नो-लॅ-रिन्-गॉ-ल-जी. कान, नाक, स्वरयंत्र आणि शास्त्र असे चार घटक त्यात आहेत, परंतु सर्वांत मोठा जोर ‘गॉ’ वर येतो, जो तुकडा ना पूर्णपणे स्वरयंत्राचा आहे ना शास्त्राचा. मागच्या घटकाचे शेवटचे व्यंजन आणि सांध्यातला ‘ओ’ मिळून तो झालेला आहे. गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीतला ‘रॉ’ तसाच. ग्रीक घटक जोडताना मध्ये येणारा हा ‘ओ’ शब्दाच्या पोटात असला तर क्षीण होतो आणि शेवटून तिसऱ्या जागी आला तर शब्दभर तोच गाजतो. अर्थ लक्षात ठेवण्यासाठी घटक आणि म्हणण्यासाठी तुकडे, अशा दोन वेगवेगळ्या रीतींनी एकच शब्द तोडावा लागतो. वर्गात या दोन्ही रीती शिकवल्या जातात, परंतु फळ्यावर दोन्हींसाठी एकच आडवी रेघ वापरली जाते, आणि तेथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. दोन रंगांचे खडू वापरले असते तरी भागले असते.

मूक अक्षरांचा तास चटकन आटोपला, तरी त्यातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. ‘डायफ्रॅम’ च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहिलेला ‘ग्’ बोलला जात नाही, पण ‘डायफ्रॅग्मॅटिक’ मध्ये तो जागा होतो. कारण पुढे स्वर आल्याने ‘ग्’ आणि ‘म’ दोन वेगळ्या तुकड्यांत बसतात आणि दोघांनाही जागा मिळते. ‘न्यूमोनिया’ च्या आरंभीचा ‘प्’ मुका असतो, मात्र ‘ॲप्निया’ मध्ये तोच ‘प्’ मागच्या ‘ॲ’ ला टेकून स्पष्ट ऐकू येतो, तेही याच कारणाने.

आता तक्रारी. पुस्तिका स्पायरल बांधणीची, झेरॉक्स काढलेली आहे, आणि जोराचे तुकडे त्यात ठळक टाइपात दिलेले आहेत. मूळ प्रतीत ते निश्चितच ठळक असतील. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये सगळेच सारखे काळे झाले आहेत, त्यामुळे ज्यासाठी पुस्तिका घ्यायची तेच तिच्यात दिसत नाही. जोराच्या तुकड्याखाली रेघ मारली असती तर ती कोणत्याही यंत्रातून सुखरूप बाहेर आली असती. सरावाचे आवाज व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर व्हॉइस नोट म्हणून येतात आणि त्यांना नावे नसतात. ‘स्फिग्मोमॅनोमीटर’ पुन्हा ऐकायचा असेल तर शुभेच्छांच्या चित्रांमधून वर वर सरकत जाऊन अंदाजाने एकेक वाजवून पाहावे लागते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. बाई ब्रिटिश वळणाचे उच्चार शिकवतात, याला हरकत नाही, मात्र ते एकमेव शुद्ध उच्चार आहेत असा सूर लागतो. ‘सर्व्हायकल’ म्हणणारे आणि ‘सर्व्हिकल’ म्हणणारे, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रयोगशाळेला ब्रिटिश माणूस ‘लबॉरट्री’ म्हणतो आणि अमेरिकी ‘लॅब्रटोरी’. शब्दकोशही एकसारखे तोडत नाहीत: अमेरिकी कोश साधारणपणे उच्चाराकडे पाहून ओळीच्या शेवटी शब्द तोडतात, ब्रिटिश परंपरा व्युत्पत्तीला अधिक मान देते. हे न सांगितल्यामुळे एका मुलीने मोबाइलवरचा अमेरिकी उच्चार ऐकवून शंका विचारली, तेव्हा तिला केवळ “ते सोडून दे” असे उत्तर मिळाले. शंका रास्त होती आणि उत्तर पाच मिनिटांत देता आले असते.

तीच पाच मिनिटे, आणि त्याहून बरीच अधिक, एका तमाशाच्या शब्दावर खर्च झाली. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस हा इंग्रजीत ४५ अक्षरांचा आणि १९ तुकड्यांचा शब्द, सूक्ष्म ज्वालामुखी धूळ श्वासावाटे जाऊन होणाऱ्या फुफ्फुसाच्या विकाराचे नाव म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो १९३५ मध्ये अमेरिकेतील शब्दकोड्यांच्या शौकिनांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी लांबीसाठीच घडवला. डॉक्टर त्या विकाराला सिलिकोसिस म्हणतात. पोरांना तो म्हणायला मजा येते आणि वर्गात हशा पिकतो, हे मान्य. पण माझ्या काउंटरवर तो कधीही येणार नाही, आणि क्लोरप्रोपामाइडला मात्र त्या दिवशी वेळच उरला नाही.

वर्गात मिसळलेली मंडळी असतात, हे गुण म्हणावे की दोष, याविषयी माझे मत शेवटपर्यंत ठरले नाही. पिंपळगावकडच्या एका कृषी सेवा केंद्रात काम करणारा तरुण आमच्याबरोबर होता. द्राक्षबागायतदार डावणी किंवा भुरी या द्राक्षांवरच्या रोगांसाठी औषध विचारायला येतात आणि त्याला दिवसभर अझॉक्सीस्ट्रोबिन, हेक्साकोनॅझोल अशी नावे घ्यावी लागतात. अ-झॉक्-सी-स्ट्रो-बिन त्याने आमच्या आधी बिनचूक म्हटले. दुसरीकडे, नर्सिंगच्या मुलींना शरीररचनेचे शब्द हवे होते आणि त्यांच्या वाट्याला ‘स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड’ सोडून फार काही आले नाही. त्यांच्यातलीच एक जण थोडी वैतागून म्हणाली, “मॅडम, कान-नाक-घसा म्हटलं तर काय बिघडतं?” बाईंचे उत्तर मला पटले: “पेशंटशी बोलताना तेच म्हण गं. तोंडी परीक्षेला सर समोर बसले की मग हे काढ.”

त्याच न्यायाने, मराठीत रुळलेल्या रूपांवर त्यांनी एवढे तुटून पडायला नको होते. जोराच्या नियमाने इंग्रजीत ‘थर्मॉमिटर’ होते हे खरे, पण घराघरांत ‘थर्मामीटर’ च म्हणतात आणि ताप तेवढाच भरतो. पॅरासिटामॉलला पॅ-र-सी-ट-मॉल असे म्हणायला जरूर शिकावे, मात्र काउंटरवर एखादी आजी ‘पॅरासिटमल’ मागत असेल तर तिला दुरुस्त करण्याचे कारण नाही. उच्चाराची काटेकोरी कामाची आहे ती दुकानदार आणि स्टॉकिस्ट, नर्स आणि डॉक्टर यांच्या आपसांतल्या बोलण्यात, जेथे एका नावाच्या जागी दुसरे औषध निघू शकते. फाडफाड इंग्रजी बोलता यावे म्हणून कोणी येथे येणार असेल तर त्याने कॉलेज रोडवरचे इतर क्लास पाहावेत. औषधविक्रेते, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाची मुले आणि फोनवर रिपोर्ट वाचून दाखवणारे लॅबचे कर्मचारी यांना मात्र मी जाण्याचा आग्रह करीन, आणि माझ्या दुकानातल्या दोघांना पुढच्या बॅचला पाठवणार आहे.

जाणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. गल्लीत चारचाकी उभी राहत नाही, दुचाकीच न्यावी. आणि आपल्या रोजच्या कामातल्या अडणाऱ्या नावांची यादी पहिल्याच रविवारी बाईंच्या हातात द्यावी, कारण पुढच्या तासांचे शब्द त्या यादीतूनच निवडले जातात आणि दुसऱ्या रविवारनंतर फेरबदल होत नाही. यादी इंग्रजी स्पेलिंगसह लिहावी. केवळ देवनागरीत दिली तर ‘थायाझाइड’ मधला ‘थ’ मुळात कोणता, हे ठरवण्यातच त्यांचा अर्धा तास जातो.